पिवळं क्रीम

होळीच्या आगेमागे हळद काढणीला आली की वसमतकडच्या आमच्या आखाड्यावर रात्रंदिवस जाळ असायचा. गड्डे कढईत शिजायचे, उन्हात वाळायचे, मग ड्रममध्ये घोळवून निघाले की हळकुंडं लखलखायची. आबा सांगत, पूर्वी एवढी हळद नव्हती. येलदरी-सिद्धेश्वरचं पाणी १९६८च्या सुमाराला कालव्यांनी फिरलं आणि काळ्या रानात ऊस, केळी, हळद जमू लागली. माल सांगलीच्या पेठेत जायचा. अशाच एका खेपेहून मोठे काका मुंबईमार्गे परतले, ते खिशात पिवळी ट्यूब घेऊन.

आजीला आम्ही सगळे ‘माय’च म्हणायचो. तिनं बोटावर क्रीम घेऊन हुंगलं. "ह्याला तर चंदनाचा वास येतो. हळद कुठं हाय ह्यात? आन पैसे कशाचे दिले?"

काकांकडं ट्यूबबरोबर कहाणीही होती, आणि ते ती रंगवून सांगत. केशव विष्णू पेंढरकर मूळचे नागपूरकडचे. तिथं किराणा दुकान चालवलं, मग मुंबई गाठली. १९५२ साली परळच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्यांनी कारखाना थाटला. स्वयंपाकघरात माल तयार व्हायचा, बाकीच्या खोल्यांत गोदाम आणि कचेरी. वडिलांच्या नावावरून कंपनीला नाव दिलं ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’, म्हणजेच विको. नावात केमिकल आणि माल आयुर्वेदिक! काका इथं थांबून हमखास हसायचे. पहिला माल वज्रदंती दंतमंजन. तो घरोघर फिरून विकला. विलायती कंपन्यांच्या फेसाळ पेस्टपुढं तपकिरी पूड खपवायची म्हणजे जोडे झिजणारच.

मुलगा गजानन औषधनिर्माणशास्त्र शिकून धंद्यात आला. केशवराव १९७१मध्ये गेले आणि धुरा त्याच्याकडं आली. त्यानं १९७५मध्ये हळदीचं क्रीम काढलं. स्नो म्हणजे पांढरा, हे तेव्हा शहरापासून खेड्यापर्यंत ठरलेलं. पिवळं लावलं तर तोंडावर डाग पडतील, ही भीती गिऱ्हाइकांच्या मनात होती. पुढं १९८४मध्ये दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ ही मालिका आली ती विकोच्याच पैशावर. नांदेडला मामांकडं मालिकेइतकीच जाहिरातही पाठ असायची.

मला मात्र विकोच्या खटल्याचं आकर्षण जास्त. अबकारी खातं म्हणे, ही सौंदर्यप्रसाधनं, यांना चढा कर लागेल. पेंढरकर म्हणत, परवाना आयुर्वेदिक औषधाचा आहे, घटक ग्रंथांतले आहेत, तेव्हा हे औषध. हा वाद सत्तरच्या दशकात सुरू झाला आणि ठाण्याच्या न्यायालयातून वर चढत, मधे कराचा कायदा बदलल्यावर पुन्हा डोकं वर काढत, डिसेंबर २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. विको जिंकली. तत्त्वाची लढाई म्हणून ती सांगितली जाते. ती पैशाचीही होती, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. घरच्या भांडवलावर चालणारी कंपनी पाव शतक वकील पोसते, तेव्हा मालकाचा हट्ट आणि हिशेब दोन्ही पक्के असावे लागतात. गजाननरावांचे दोन्ही पक्के होते. ते २०१५मध्ये वारले.

हा खटला चालू असताना काकांनी एकदा तो मायला समजावून सांगितला. ती दळण पाखडत होती. "हळद औषध की शिंगार, हे कोर्ट ठरवणार? नवरीला लावतेत ती आन जखमंत भरतेत ती, एकाच डब्यातली असती की."

साक्षीदार म्हणून माय कुणाच्याच कामाची नव्हती. एवढंच बोलून ती दोन्ही वकिलांचा निम्मा-निम्मा खटला बुडवून बसली असती.

आता वसमतच्या हळदीला स्वतःच्या नावानं भौगोलिक मानांकन आहे, २०२४पासून. आबांनी ते पाहिलं नाही. विकोचा निकाल मात्र काकांनी त्यांना पेपरातून वाचून दाखवला होता. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "कर कमी लागला म्हणतोस. मग ट्यूब किती रुपयांनी उतरली?"