हरितेच्या कुपीचा मागोवा

चैत्र-वैशाखात शिरूर-दौंड भागातल्या जुन्या विहिरीच्या पायरीवर बोट फिरवले, तर सावलीच्या बाजूला काळपट, खरखरीत पापुद्रा हाताला लागतो. वाळून गेलेला मळच वाटतो तो. मृगाची पहिली दमदार सर पडली की हाच पापुद्रा काही मिनिटांत हिरवागार होतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो आणि पाय घसरू नये म्हणून खराट्याने घासून काढतो.

मराठीत ‘शेवाळ’ या एका शब्दाखाली तीन वेगळी कुळे नांदतात. डबक्यातले हिरवे तंतू म्हणजे शैवल. मसाल्यात पडणारे दगडफूल ही बुरशी आणि शैवल यांची भागीदारी आहे. पायरीवरचा हिरवा मखमली थर मात्र खरीखुरी वनस्पती आहे. तिला इवलीशी पाने असतात, उभे खोड असते. तिचे शास्त्रीय मराठी नाव हरिता, कॉलेजातल्या पोरांच्या तोंडी मॉस. तिला फूल येत नाही, बी धरत नाही. मग तिचा वंश चालतो कसा, आणि याच भागातल्या इनामगावसारख्या कोरड्या गावात तो टिकला कसा?

चांगल्या पावसानंतर काही हरितांच्या शेंड्यावर केसासारखा देठ उभा राहतो आणि त्याच्या टोकाला मोहरीपेक्षा लहान कुपी लागते. कुपीत बीजाणू असतात, धुळीइतके बारीक. ही कुपी नेमकी काय आहे, हे कळायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. ऑक्सफर्डच्या डिलेनियसने 1741 साली हरितांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने कुपीला फुलातला परागकोश समजले. लिनियसनेही तेच धरले आणि 1753 साली फुले न येणाऱ्या साऱ्या वनस्पती एका वर्गात घातल्या. त्या वर्गाला त्याने दिलेल्या ग्रीक नावाचा अर्थ होतो ‘गुप्त विवाह’. विवाह होत असणार याची त्याला खात्री होती, पण तो कुठे लागतो हे दिसले नव्हते.

तो पाहिला योहान हेडविग या जर्मन डॉक्टरने. रुग्ण तपासून उरलेल्या वेळात तो सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसे. 1782 साली छापलेल्या पुस्तकात त्याने दाखवून दिले, की नर आणि मादी अवयव हरितेच्या हिरव्या शेंड्यावर, पानांच्या आड असतात. कुपी त्यांच्या मीलनानंतर येते. पुढे 1851 साली विल्हेल्म हॉफमाइस्टर या लायपझिगच्या पुस्तकविक्रेत्याच्या मुलाने उरलेला दुवा जोडला. हिरवे रोप ही एक पिढी आणि देठासकट कुपी ही दुसरी. ही दुसरी पिढी जन्मभर आईच्या अंगावरच वाढते, तिच्याकडूनच पाणी आणि बरेचसे पोषण घेते. त्या वेळी हॉफमाइस्टर अवघा 27 वर्षांचा होता आणि वनस्पतिशास्त्राचे शिक्षण त्याने कोणत्याही विद्यापीठात घेतलेले नव्हते.

या विवाहाची अट एकच: पाणी. हरितेच्या नर पेशीला दोन शेपट्या असतात आणि ती पोहत मादीपर्यंत जाते. पानांवर पाण्याचा सलग पापुद्रा नसेल तर ती जागीच संपते. म्हणूनच आपल्या पाठ्यपुस्तकांत या गटाला वनस्पतींमधले उभयचर म्हणतात. बीजाणू उधळायला मात्र कोरडी हवा लागते. फ्युनारिया या सर्वत्र आढळणाऱ्या हरितेच्या कुपीच्या तोंडाशी बारीक दात असतात. हवा दमट असली की ते मिटतात, सुकली की वळून उघडतात. म्हणजे लग्न ओल्यात लागायचे आणि बीजाणू सुक्यात उधळायचे. आपल्याकडच्या पावसाळ्याला आणि त्यामागून येणाऱ्या ऑक्टोबरच्या उन्हाला हे वेळापत्रक छान जुळते.

पण पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या इनामगावच्या पट्ट्यात तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. खंडाळा आणि महाबळेश्वर इथल्या हरितांवर जी. टी. दाभाडे यांचा स्वतंत्र ग्रंथ 1998 साली निघाला. घाटमाथ्यावर अभ्यासायला एवढे आहे. पर्जन्यछायेत उतरले की हरितेला वर्षातले थोडेच ओले दिवस मिळतात, आणि तिथे तिच्या घराण्याचा जुना वारसा कामी येतो किंवा आड येतो.

हरितांमध्ये दोन प्रकारचे संसार असतात. फ्युनारियाच्या एकाच रोपावर नर आणि मादी दोन्ही अवयव येतात. नर पेशीला फार लांब पोहावे लागत नाही, म्हणून तिच्या कुप्या मुबलक दिसतात. त्याची किंमतही असते. स्वतःच्याच रोपाशी मीलन झाले तर पुढच्या पिढीत नवे काही येत नाही. जगातल्या निम्म्याहून अधिक हरितांनी दुसरा मार्ग धरला आहे: नर रोप वेगळे, मादी रोप वेगळे. वंशात नवेपणा येतो, पण दोघे शेजारी असावे लागतात आणि मध्ये पाणी असावे लागते.

आपल्याकडच्या जुन्या भिंतींवर आणि दगडी बांधकामावर सर्रास दिसणारी हायोफिला इन्व्होल्यूटा या दुसऱ्या घराण्यातली. ऊन लागले की तिची पाने कडेने आत वळून बंद होतात, पाणी पडले की उलगडतात. तिच्या कुप्या फारशा दिसत नाहीत. तिने मुकुलिकांची वाट धरली आहे. पानांच्या बगलेत पेशींचे बारीक पुंजके तयार होतात, पावसाच्या थेंबाने उडतात आणि पडतील तिथे रुजतात. लग्नाशिवाय वंश चालतो, पण प्रत्येक नवे रोप हुबेहूब जुन्यासारखे.

कोरडेपणाचा ताण किती खोल जातो, हे अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात दिसले. सिंट्रिकिया कॅनिनर्व्हिस या हरितेवर 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेक रोपांवर नर किंवा मादी असा कोणताच अवयव आढळला नाही. ज्यांवर आढळला, त्यांत माद्या नरांच्या कितीतरी पट होत्या, आणि नर सापडले ते सावलीच्या जागीच. नर अवयव घडवायला रोपाला जास्त खर्च येतो, असे एक स्पष्टीकरण आहे. दुष्काळात असा खर्च आधी थांबतो.

पाणी कमी असेल तिथे मदतही मिळू शकते. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रायम अर्जेंटियम या हरितेचे नर आणि मादी पुंजके दोन-चार सेंटिमीटर अंतरावर ठेवून पाहिले. मातीतले उड्या मारणारे कीटकसदृश जीव आणि बारीक कोळीवर्गीय जीव सोडले, तेव्हाच मधले अंतर ओलांडून कुप्या धरल्या. 2006 सालच्या या प्रयोगाने ‘फक्त पाणी’ या जुन्या समजात भर घातली. पृथ्वीवर फुले येण्याच्या कितीतरी आधीपासून हरितांचे वऱ्हाड असे किडे वाहत असतील.

तरीही सारे काही पाऊसच ठरवत नाही. 1917 साली चार्ल्स ॲलन यांनी हरितांच्या नात्यातल्या एका यकृतकेत नर-मादी ठरवणारी गुणसूत्रे पाहिली. वनस्पतींमध्ये अशी गुणसूत्रे तेव्हा पहिल्यांदाच दिसली. बीजाणूंमध्ये नर-मादी निम्मे-निम्मे निघतात, मग मोठ्या रोपांत माद्याच जास्त का? काही अंशी हे घराणेच ठरवते. जवळच्या नात्यातल्या हरितांमध्ये हे प्रमाण एकसारखे राहण्याकडे कल दिसतो, मग त्या कुठेही वाढोत. आजचे ऊन-पाऊस आणि पूर्वजांकडून आलेली शिदोरी, दोन्ही मिळून कुपी धरणार की मुकुलिका, हे ठरते.

कोरड्या हवेपुढे जगण्याची रीत बदलणे इनामगावच्या मातीला नवे नाही. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 दरम्यान इथे उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी ताम्रपाषाणयुगातले एक गाव उजेडात आणले. आधीच्या काळात चौकोनी घरे, जव, पाट. इ. स. पूर्व 1000 नंतर लहान गोल झोपड्या आणि शेळ्या-मेंढ्यांवर वाढलेली भिस्त. हवा कोरडी होत गेली, असे ढवळीकरांनी मांडले. इ. स. पूर्व 700 च्या सुमारास वस्ती उठली. माणसाने घराचा आकार बदलला, जगण्याची पद्धत बदलली आणि शेवटी गाव सोडले. हरितेला पाय नाहीत. ती तिथेच राहते आणि वंश चालवण्याची रीत बदलते.

म्हणून एक विनंती. घाटमाथ्यावरच्या हरितांचे ग्रंथ झाले. शिरूर-दौंडच्या विहिरी, घाट आणि देवळांच्या जोत्यांवर हायोफिला कुपी धरते की नुसत्या मुकुलिका, कोणत्या महिन्यात, किती पावसानंतर, हे गावोगावच्या विद्यार्थ्यांनी वहीत तारखेसह लिहावे. खर्च एका भिंगाचा. पायरी घासण्याआधी एकदा वाकून पाहा: देठ उभा आहे का, टोकाला कुपी आहे का. असेल, तर त्या वर्षी तिथे पाऊस पुरेसा झाला आणि नर-मादी शेजारी होते.