फँटसी फुटबॉल: कुणाला खेळवायचं, कुणाची अदलाबदल करायची आणि मंगळवारी रात्री कुणावर बोली लावायची?

९ सप्टेंबर २०२४, सोमवारची संध्याकाळ. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स आणि न्यूयॉर्क जेट्स यांचा सामना सुरू व्हायला साधारण दीड तास उरला होता, तेव्हा बातमी आली की ख्रिश्चन मॅकॅफ्री आज खेळणार नाही. त्या वर्षी बहुतेक फँटसी लीगमध्ये सगळ्यात आधी उचलला गेलेला खेळाडू हाच. रविवारचे सामने संपले होते, म्हणजे बाकावरचे बहुतेक पर्याय आधीच खेळून झालेले. ज्यांनी मॅकॅफ्रीला संघात ठेवून निवांत झोप काढली, त्यांच्या खात्यात त्या जागेवर शून्य आलं. त्याच्या जागी उतरलेल्या जॉर्डन मेसनने मात्र २८ वेळा चेंडू घेऊन १४७ यार्ड काढले आणि एक टचडाउनही केला. वर सामना संपल्यावर तो सहज बोलून गेला की आपल्याला हे शुक्रवारीच कळलं होतं!

अमेरिकेत दर हंगामात कोट्यवधी लोक ज्या खेळात गुंततात, त्यातली खरी डोकेदुखी ही अशी असते.

आधी खेळ समजून घेऊ. इथलं फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचं. १९६२ साली ओकलंड रेडर्स संघात भागीदारी असलेल्या बिल विंकनबाख यांनी दोन सोबत्यांबरोबर ही कल्पना मांडली आणि १९६३ मध्ये ओकलंडमध्ये आठ संघांची पहिली लीग सुरू झाली. आज साधारण दहा-बारा जणांची लीग असते. हंगामाआधी प्रत्येक जण एनएफएलमधले खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बनवतो. दर आठवड्याला तुमची गाठ लीगमधल्या एका प्रतिस्पर्ध्याशी पडते आणि तुमच्या खेळाडूंनी मैदानावर जे केलं त्याचे गुण तुम्हाला मिळतात. धावून किंवा झेल घेऊन काढलेल्या दर १० यार्डांना १ गुण, टचडाउनला ६. क्वार्टरबॅकने फेकून मिळवलेल्या दर २५ यार्डांना १ आणि टचडाउनला बहुधा ४. बऱ्याच लीगमध्ये प्रत्येक झेलाला अर्धा किंवा एक गुण वेगळा मिळतो.

आपल्याकडे फँटसी म्हटलं की ड्रीम इलेव्हन आठवतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आली, तेव्हा तिथल्या पैशांच्या स्पर्धा थांबल्या. तिथे रोज नवा संघ लावायचा आणि एकच खेळाडू लाखो जणांच्या संघात असू शकायचा. एनएफएलच्या हंगामभराच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाचा. त्यामुळे तो दुसऱ्याकडे असेल तर ट्रेड करावा लागतो, कुणाकडेच नसेल तर वेव्हरवर मागावा लागतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या भाच्याला ऑफिसच्या लीगमध्ये ओढलं गेलं असेल, तर बुधवारी सकाळी तो फोनमध्ये डोकं खुपसून का बसतो याचं उत्तर इथे आहे.

गुण बघू नका, काम बघा

या खेळातला सगळ्यात महागडा गैरसमज म्हणजे मागच्या आठवड्याचे गुण पाहून निर्णय घेणं. गुण म्हणजे झालेला पाऊस. पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधायचा तर ढग बघावे लागतात. इथे ढग म्हणजे काम: खेळाडू किती वेळ मैदानावर होता, त्याच्याकडे किती वेळा चेंडू फेकला गेला, किती वेळा त्याने चेंडू घेऊन धाव घेतली.

२०२३ च्या पहिल्याच आठवड्यातलं उदाहरण बघा. लॉस एंजेलिस रॅम्सचा मोठा खेळाडू कूपर कप जखमी होता. त्याच्या गैरहजेरीत सिएटलविरुद्ध दोन रिसीव्हर चमकले. पुका नाकुआने ११९ यार्ड काढले आणि टुटू ॲटवेलनेही बरोबर ११९. टचडाउन दोघांच्याही नावावर नाही. कागदावर दोघं जवळपास सारखेच. पण नाकुआकडे चेंडू १५ वेळा फेकला गेला होता, ॲटवेलकडे ८ वेळा. पुढच्याच सामन्यात नाकुआने १५ झेल घेतले आणि हंगामअखेर १०५ झेल, १,४८६ यार्ड असा नवोदितांचा विक्रम केला. ॲटवेलचे वर्षभरात ५०० यार्डही झाले नाहीत. नाकुआ त्या वर्षी भरतीत १७७ व्या क्रमांकावर निवडला गेलेला पोरगा. बहुतेक लीगमध्ये तो कुणाच्याच संघात नव्हता. पहिल्या आठवड्यानंतर ज्याने त्याच्यावर बोली लावली, त्याचं वर्ष सोन्याचं झालं.

वेव्हर: बोली कितीची?

सोमवारचा सामना संपला की मोकळ्या खेळाडूंवर कुलूप लागतं. मंगळवारी मागण्या नोंदवायच्या आणि बहुतेक ॲपवर बुधवारी पहाटे निकाल लागतो. काही लीगमध्ये तळाच्या संघाला पहिला हक्क मिळतो. पण आता बोलीची पद्धत जास्त रुळली आहे. प्रत्येकाला हंगामभरासाठी बहुधा १०० कागदी डॉलर मिळतात, बोली बंद पाकिटातली असते, जास्त आकडा त्याचा खेळाडू.

इथे नवखे लोक सुरुवातीपासून दर आठवड्याला हात सैल सोडून डॉलर उधळतात आणि ऑक्टोबरात हात रिकामे होतात. किंवा उलट, कंजूषपणा करून डिसेंबरात ऐंशी डॉलर शिल्लक ठेवतात, ज्यांचा काडीचा उपयोग नाही. पैसा सुरुवातीलाच जास्त मोलाचा असतो, कारण दुसऱ्या आठवड्यात मिळालेला खेळाडू तीन-साडेतीन महिने कामी येतो. मुख्य रनिंग बॅक दीर्घकाळासाठी जखमी झाला आणि त्याचा राखीव पूर्णवेळ काम करणार हे स्पष्ट असेल, तर निम्मी रक्कमही लावावी. एका आठवड्यापुरता किकर किंवा बचावफळी हवी असेल तर शून्य किंवा एक डॉलर पुरे. आणि एका लांब झेलावर टचडाउन करून बातम्यांत आलेला खेळाडू? तो दिवसभरात दोनदाच चेंडूजवळ दिसला असेल तर बाकीच्यांना भांडू द्या.

लाइनअप: रविवारचा गोंधळ

ॲप प्रत्येक खेळाडूचे अंदाजे गुण दाखवतं. एकाचे ११.८ आणि दुसऱ्याचे ११.२ दिसले की लोक डोळे झाकून पहिल्याला घेतात. एवढ्याशा फरकाला काही अर्थ नाही. त्यापेक्षा बुधवार ते शुक्रवार संघ जो सरावाचा अहवाल देतात तो वाचा. शुक्रवारी पूर्ण सराव केलेला ‘शंकास्पद’ खेळाडू आणि तिन्ही दिवस मैदानाबाहेर बसलेला ‘शंकास्पद’ खेळाडू यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. न खेळणाऱ्यांची अंतिम यादी सामन्याच्या ९० मिनिटं आधी जाहीर होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एकला सुरू होणारा सामना भारतात रात्री साडेदहाला असतो आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की साडेअकराला. पुण्यात बसून खेळणाऱ्याने नऊचा गजर लावावा, नोव्हेंबरानंतर दहाचा.

मॅकॅफ्रीच्या प्रसंगाने शिकवलेली एक बारीक गोष्ट. संघात ‘फ्लेक्स’ नावाची एक जागा असते, जिथे रनिंग बॅक, वाइड रिसीव्हर किंवा टाइट एंड यांपैकी कुणीही चालतो. सगळ्यात उशिरा खेळणारा खेळाडू नेहमी त्या जागेवर ठेवा. मॅकॅफ्री फ्लेक्समध्ये असता तर ऐनवेळी त्या सामन्यातला कुठलाही मोकळा रिसीव्हर त्याच्या जागी आणता आला असता. रनिंग बॅकच्या जागेत अडकला तर त्याच सामन्यातला दुसरा रनिंग बॅकच शोधावा लागतो. काही सेकंदांचं काम आहे, तरी निम्मे लोक करत नाहीत.

शिवाय समोरचा किती तगडा आहे हेही बघायचं. तुमचा संघ वरचढ असेल तर दर आठवड्याला दहा-बारा गुण देणारा भरवशाचा गडी घ्या. वीस गुणांनी मागे असाल तर भरवसा काय कामाचा? तिथे कधी तीन, कधी पंचवीस गुण देणारा बेभरवशाचा खेळाडूच तुम्हाला जिंकवू शकतो. हवामानात पावसाची फार चिंता नको, जोराचा वारा मात्र लांब फेकीवर आणि किकरवर परिणाम करतो.

ट्रेड: दोन देऊन एक घ्यावा का?

बहुतेक वेळा घ्यावा. समजा, तुमचे दोन खेळाडू सरासरी १२ आणि ११ गुण देतात. ते देऊन १९ गुणांचा एक मिळाला. बेरीज चारने कमी दिसते, पण एक जागा रिकामी झाली आणि तिथे वेव्हरवरचा ८ गुणांचा कुणीही बसतो. म्हणजे २३ च्या जागी २७. लीग लहान असेल तर हा हिशेब आणखी तुमच्या बाजूने, कारण मोकळे खेळाडू चांगले असतात. चौदा जणांच्या लीगमध्ये वेव्हरवर पालापाचोळाच उरतो, तिथे जपून.

विकायला योग्य कोण? ज्याचे गुण टचडाउनवर उभे आहेत तो. २०२२ मध्ये डेट्रॉईटच्या जमाल विल्यम्सने तब्बल १७ वेळा धावून टचडाउन केले. पुढच्या वर्षी संघ बदलला, दुखापतही झाली, आणि आकडा १ वर आला. टचडाउन लहरी असतात, चेंडू मिळण्याचं प्रमाण त्यामानाने टिकून राहतं. म्हणूनच भरपूर काम मिळूनही टचडाउन न झालेला खेळाडू स्वस्तात उचलायचा.

प्रस्ताव पाठवण्याआधी समोरच्याचा संघ उघडून बघा. त्याच्याकडे टाइट एंड नसेल तर तोच द्या. तो पहिल्या सातपैकी पाच सामने हरला असेल तर त्याला आजच जिंकायचं आहे, महिनाभर जखमी असलेला त्याचा मोठा खेळाडू तो कमी भावात सोडेल. तुम्ही सहा जिंकून निवांत असाल तर त्याला घेऊन वाट बघू शकता. पण फालतू दोन गडी देऊन हिरा मागायचा चावटपणा करू नका. असा प्रस्ताव एकदा गेला की तो माणूस हंगामभर तुमचा निरोप उघडत नाही.

ट्रेडची मुदत साधारण नोव्हेंबरात संपते. तेव्हा एक गोष्ट तपासून ठेवावी: तुमच्या लीगची अंतिम लढत कुठल्या आठवड्यात आहे. एनएफएलचा हंगाम १८ आठवड्यांचा, पण बहुतेक लीग १७ व्या आठवड्यातच निकाल लावतात. कारण १८ व्यात बाद फेरीतलं स्थान पक्कं झालेले संघ आपल्या मोठ्या खेळाडूंना विश्रांती देतात. तुमच्या लीगने अंतिम सामना तिथे ठेवला असेल, तर ज्यांचे संघ शेवटपर्यंत झगडत असतील असे दोन-तीन खेळाडू आताच गाठीला बांधा.