कारखान्यातल्या रोबोटला वीज कशी मिळते? बंद केल्यावरही धोका का उरतो?

गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करणाऱ्या रोबोटला सहसा सहा सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यासाठी एक सर्व्हो मोटर असते. या मोटरला लाईनची वीज थेट चालत नाही. ती वीज शेजारच्या कंट्रोल कॅबिनेटमध्ये 'घडवली' जाते.

आधी डीसी, मग पुन्हा एसी

भारतातल्या कारखान्यात साधारणपणे ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची थ्री-फेज वीज येते. ५० हर्ट्झ हा वेग ठरलेला आहे. रोबोटच्या मोटरचा वेग मात्र क्षणोक्षणी बदलावा लागतो. म्हणून रेक्टिफायर आधी एसीचं डीसी करतो आणि मोठे कपॅसिटर हे डीसी स्थिर ठेवतात. ४१५ व्होल्ट थेट वापरले, तर इथे सुमारे ५८५ व्होल्ट डीसी तयार होतं. काही रोबोटमध्ये आधी ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवतात.

पुढे येतो ड्राइव्ह. त्यातले आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात आणि मोटरला हवी तेवढीच वीज देतात. मोटरवरचा एन्कोडर ती किती फिरली हे सतत कळवतो. चूक दिसली की ड्राइव्ह लगेच करंट बदलतो.

हात थांबताना काय होतं?

वेगात असलेला हात थांबवताना मोटरच जनरेटर बनते आणि वीज उलट परत येते. दुसरा सांधा ती वापरू शकतो. उरलेली वीज बहुतेक वेळा रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. काही ड्राइव्ह ती लाईनला परत देतात.

वीज गेली तर हात खाली पडू नये म्हणून मोटरला स्प्रिंगचा ब्रेक असतो. तो सहसा २४ व्होल्ट मिळाल्यावर सुटतो. वीज गेली की आपोआप लागतो.

सर्वांत महत्त्वाचं

इमर्जन्सी स्टॉप दाबला की मोटरचा जोर जातो, पण कॅबिनेटमध्ये येणारी वीज सुरूच असते. मुख्य स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं. त्यामुळे दुरुस्तीआधी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं, कॅबिनेटवर लिहिलेला वेळ थांबायचं आणि मीटरने व्होल्टेज उतरल्याची खात्री करायची. दिवे विझले म्हणजे वीज गेली, असं समजायचं नाही.