चैत्रात जोतिबाचा डोंगर चढताना

पायतणं गाडीतच काढा. हा डोंगर तुम्हाला अनवाणी चढायचाय. काळ संस्थानी आहे, वरपर्यंत मोटार जाण्याचे दिवस अजून यायचेत. कुरुंदवाडहून बैलगाडीत बसून अंग आंबून गेलंय, कपड्यांना कडब्याचा आणि वंगणाचा वास लागलाय. तुमचं गाव कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकाठचं, सगळं रान सपाट, काळंभोर. चढ म्हणजे फार तर घाटाच्या पायऱ्या. आणि समोर हा जोतिबाचा, वाडी रत्नागिरीचा डोंगर, समुद्रसपाटीपासून 3,000 फुटांहून उंच!

चला. उन्हं वर येण्याआधी गायमुख गाठायचंय. तिथं ओंजळ भरून पाणी प्या, थोडं डोक्यावर घ्या. पुढं दगड तापलेले असतील. तळवे भाजतात, पोटऱ्या भरून येतात, पण थांबायला जागाच नाही. मागून रेटा येतोय. घाम, दवणा आणि गुलाल यांचा एकच वास नाकात बसलाय. शिंकलात तरी गुलाबीच शिंकाल.

"सरा, सरा! काठी आली!"

अंग चोरून कडेला व्हा आणि नीट बघा. रंगीत कापडानं सजवलेला उंचच उंच कळक, खाली एकाच गड्याच्या कमरेशी तोललेला. भोवतीच्या गड्यांच्या हातात दोऱ्या. सपाटीवर हे जमतं. चढाला खरी कसोटी. वरच्या अंगाचा गडी दोरी सैल सोडतो, त्याच क्षणी खालचा ताणतो. कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांचे डोळे शेंड्यावर. वारा आला की कळक करकरतो आणि हलगीचा ठेका बदलतो. माझ्या मते अख्ख्या यात्रेत याहून देखणं काही नाही.

एक म्हातारा तुमच्या हातात दोरी कोंबतो. "धरा की पाव्हणं! बघत काय ऱ्हायलाय?"

धरलीत? आता पायांचं दुखणं आठवणारही नाही. दोरी हाताला काचते, खांद्यात कळ येते, आणि तुम्ही कधी माथ्यावर पोचलात ते कळतही नाही. काळ्या दगडाची देवळं गुलालानं लाल झालीत. सावलीत टेकून भाकरी, खर्डा आणि कांदा खाऊन घ्या. संध्याकाळी जोतिबाची पालखी यमाईदेवीच्या देवळाकडं निघेल, तेव्हा हात रिकामे हवेत. तेव्हा खोबऱ्याच्या वाट्या आणि गुलाल पावसासारखे बरसतील. एखादी वाटी डोक्यात बसली, तर चोळत उभे राहू नका. चांगभलं म्हणा आणि पालखीच्या मागं पळा!