शुक्रवारचा नफा, शनिवारचा नफा

मुस्लिम आणि ज्यू यांच्या नात्याविषयी दोन कथा नेहमी सांगितल्या जातात. एकीत त्यांचे वैर प्रेषितांच्या काळापासून अखंड चालत आलेले असते. दुसरीत विसावे शतक उजाडेपर्यंत सगळे गुण्यागोविंदाने नांदत असतात. दोन्ही कथा राजे, कत्तली आणि धर्मवचने यांच्यावरच उभ्या आहेत. रोज पोटापाण्याचे व्यवहार करणारी माणसे त्यांत कुठेच नाहीत. त्या माणसांचे कागद मात्र टिकले आहेत. जुन्या कैरोतल्या, म्हणजे फुस्तातच्या, बेन एझ्रा सिनेगॉगमध्ये ईश्वराचे नाव असलेला कागद नष्ट करायचा नाही म्हणून जुने कागद एका कोठडीत टाकून देत. तीच गेनिझा. सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यातले जवळपास १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत प्रार्थनांबरोबर करारमदार, घरांची खरेदीखते आणि व्यापारी पत्रे निघाली. पुष्कळशा पत्रांची भाषा अरबी आणि लिपी हिब्रू आहे. ही माणसे अरबीतच विचार करत होती, हे त्यावरून उघड दिसते.

या कागदांवरून माझे मत असे झाले आहे, की हे नाते प्रेमावर किंवा उदारतेवर उभे नव्हते. ते करारावर आणि परस्परांच्या गरजेवर उभे होते, आणि म्हणूनच ते इतके टिकाऊ होते. बाराव्या शतकात मायमोनिडीस या थोर ज्यू धर्मशास्त्र्याकडे आलेला एक प्रश्न पाहा. सोनारकाम किंवा काचकाम करणारे काही ज्यू आणि मुस्लिम कारागीर भागीदार आहेत, हत्यारे सामाईक आहेत. शुक्रवारची कमाई ज्यूंची आणि शनिवारची मुस्लिमांची, असे त्यांनी आपसात ठरवले आहे. हे चालेल का? मायमोनिडीस यांनी ते चालते असा निर्वाळा दिला. आपापला पवित्र दिवस कोणी सोडला नाही, आणि दुकानही बंद पडले नाही. खरेदीखतांतही तेच दिसते: ज्यूच्या घराची भिंत मुस्लिमाच्या घराला लागून आहे. हिंदी महासागरात तर सिराफचा रामिश्त हा मुस्लिम जहाजमालक ज्यू व्यापाऱ्यांचा माल नेत होता, आणि त्याच रामिश्तने मक्केत काबागृहावर चिनी वस्त्र चढवले होते. ११३५ मध्ये कीश बेटाच्या राजाने एडनला वेढा घातला, तेव्हा रामिश्तच्या दोन जहाजांमुळे शहर वाचले. ही हकिकत आपल्याला कळते ती एडनच्या ज्यू व्यापाऱ्यांच्या पत्रांतून.

यावर कोणी जिझिया, म्हणजे संरक्षणाच्या बदल्यात मुस्लिमेतरांनी द्यायचा कर, पुढे करील, आणि ते बरोबरच आहे. त्या कराची धास्ती गरिबांच्या अर्जांत पानोपानी आहे. हे नाते बरोबरीचे कधीच नव्हते. खलिफा अल-हाकिमने अकराव्या शतकाच्या आरंभी चर्चे आणि सिनेगॉग पाडली, ग्रॅनडात १०६६ मध्ये ज्यूंची कत्तल झाली. खुद्द मायमोनिडीस यांचे कुटुंब अल्मोहाद या मुस्लिम राजवटीच्या छळामुळे स्पेनमधले कोर्दोबा सोडून परागंदा झाले, आणि येमेनच्या ज्यूंना ११७२ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुस्लिम राजवटींविषयी अत्यंत कडू शब्द वापरले आहेत. पण ते शेवटी स्थिरावले कुठे? मुस्लिम राजवटीतल्याच इजिप्तमध्ये, सलाउद्दीनच्या वजिराचे वैद्य म्हणून. कडू पत्र आणि भागीदारीचा निर्वाळा ही एकाच माणसाची लेखणी आहे. एकाच अनुभवात दोन्ही गोष्टी मावत होत्या, हे मान्य केल्याशिवाय तो काळ समजत नाही. लहरी सत्ताधीश संरक्षणाचा हा करार मोडू शकत होता, मात्र तो मोडला की लोकांना धक्का बसे, कारण एरवी तो पाळला जाई अशीच त्यांची अपेक्षा होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे सारे कागद ज्यूंचे, त्यातही बव्हंशी व्यापाऱ्यांचे, मुस्लिम भागीदाराला काय वाटत होते ते त्यांत कुठे आहे? ही उणीव खरीच आहे. तरी एक पुरावा तिच्यावर मात करतो. आपले खटले आपल्याच न्यायसभेत चालावेत असा ज्यू पुढाऱ्यांचा आग्रह असतानाही, कित्येक ज्यू आपली खते काझीसमोर नोंदवत आणि आपले तंटेही त्याच्याकडे नेत. जिथे निव्वळ अन्यायच पदरी पडणार, तिथे जमातीचा रोष ओढवून आणि पैसे मोजून कोणी पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.