डाख

चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलू या." मी पडलो बी. कॉम., त्यातून बँकेतला कारकून. खर्च म्हटला की मागची खाती उघडायची, ही आमची सवय.

मागचं खातं विश्रांतवाडीहून फार लांब नाही, गणेशखिंडीत आहे. अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ साली सी-डॅक निघाली, आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. युक्ती काय? लहान लहान प्रोसेसर शेजारी शेजारी जोडत जायचे!

"मग आपणही जोडू की!" चिरंजीव.

दुकानदाराने लॅपटॉप पालथा करून उघडला. चिप मदरबोर्डला डाख देऊन पक्की, माझ्यासारखीच. मीही वीस वर्षं एकाच काउंटरला आहे. बदलायची तर अख्खा बोर्ड बदला. वर नव्या चिपची उष्णता जुन्या पंख्याला झेपेलच असं नाही. रॅमची एक खाच तेवढी मोकळी होती, ती भरली. फीचे पैसे वाचले.

चिरंजीव रुसलेत. पण अमेरिका 'नाही' म्हणाली म्हणून देशाला 'परम' मिळाला. आता बाप 'नाही' म्हणालाय, बघू या!