हॉवर्थच्या पाळकगृहातील हिवाळी वाचन

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर परगण्यात, हॉवर्थ नावाचे गाव आहे. गाव टेकडीवर वसलेले आणि त्याच्या पाठीशी मैलोगणती पसरलेले ओसाड माळरान. तेथील हिवाळा म्हणजे झोंबणारा वारा, गारठा आणि दुपार उलटते न उलटते तोच दाटून येणारा अंधार. १८२० साली पॅट्रिक ब्राँटे हे अँग्लिकन पाळक आपली पत्नी व सहा मुले घेऊन या गावच्या पाळकगृहात राहावयास आले. पुढल्याच वर्षी पत्नी वारली. १८२५ मध्ये मारिया व एलिझाबेथ या थोरल्या दोघी मुली शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि काही आठवड्यांच्या अंतराने देवाघरी गेल्या. उरली चौघे: शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन. यांतील तिघी बहिणी पुढे कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाल्या, हे आपण जाणतोच. आम्हांला येथे पाहावयाचे आहे ते त्याआधीचे. त्या थंडगार घरात वाचले काय जात होते, आणि ते निवडत कोण होते?

घरात फरशी दगडी. मुलांच्या सांभाळासाठी दक्षिणेकडील उबदार पेन्झन्सहून आलेली मावशी थंडीपायी घरातही लाकडी तळव्यांच्या खडावा घालून वावरत असे. वडिलांनी आगीच्या धास्तीने खिडक्यांना पडदे लावू दिले नव्हते, असे त्या घरी राहून गेलेल्या शार्लटच्या मैत्रिणीने लिहून ठेवले आहे. पाळकाची मिळकत बेताची. तरी घरात बायबल होते, बन्यनचा 'यात्रेकरू' होता, इसापनीती आणि अरबी सुरस कथा होत्या, बेविकचा पक्ष्यांवरील सचित्र ग्रंथ होता.

पण या घराचे खरे हिवाळी वाचन म्हणजे वृत्तपत्रे. १२ मार्च १८२९ रोजी बारा वर्षांच्या शार्लटने स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून 'वर्षाचा इतिहास' म्हणून एक टिपण लिहिले. टॅबी ही मोलकरीण न्याहारीची भांडी घासत आहे, धाकटी अ‍ॅन खुर्चीवर गुडघे टेकून केककडे टक लावून आहे, बाबा आणि ब्रॅनवेल कीथलीला वृत्तपत्र आणावयास गेले आहेत, असे ती सांगते. घरी दोन पत्रे येत, एक टोरी पक्षाचे, दुसरे विरुद्ध व्हिग पक्षाचे. तिसरे 'जॉन बुल' आणि 'ब्लॅकवुड' हे मासिक एक परिचित गृहस्थ वाचावयास देत. दोन्ही बाजूंची पत्रे घेणारी घरे आजही थोडीच आढळतील. त्याच टिपणात एका जुन्या भूगोलाच्या पुस्तकाचा उल्लेख आहे. मारियाने त्याच्या कोऱ्या पानावर, हे पुस्तक मला बाबांनी वाचावयास दिले, असे लिहिले होते. मारिया जाऊन चार वर्षे होत आली होती, आणि ते पुस्तक धाकट्या बहिणीपुढे उघडे होते.

डिसेंबर १८२७ मधील एका रात्रीची हकीकत शार्लटनेच नोंदवली आहे. बाहेर हिमवादळाचे दिवस, आत चुलीभोवती चौघे मुले. मेणबत्ती लावावी की नाही यावर टॅबीशी नुकतेच भांडण झालेले आणि विजय टॅबीचा! मेणबत्ती मिळाली नाही. वाचता येईना, करावे काय? तेव्हा प्रत्येकाने एकेक बेट आपले म्हणून निवडावे आणि तेथे आपल्या आवडीची थोर माणसे वसवावी, असा खेळ ठरला. एमिलीने वॉल्टर स्कॉट व त्यांचा लहानगा नातू यांना निवडले. शार्लटने ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि 'ब्लॅकवुड'ची लेखकमंडळी. सात वाजले तशी झोपायची आज्ञा झाली. थोड्याच दिवसांनी, १८२८ च्या नववर्षदिनाची भेट म्हणून, मावशीने चौघांना मिळून स्कॉटचे 'आजोबांच्या गोष्टी' दिले. स्कॉटने हे पुस्तक त्याच नातवासाठी लिहिले होते.

शार्लटचा हा वेलिंग्टन आपल्याही इतिहासात येऊन गेलेला आहे. १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत मराठी फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. १८२९ मध्ये तो ब्रिटनचा पंतप्रधान होता आणि त्याच्यापुढे प्रश्न होता कॅथलिकांचा. कॅथलिक माणसाला तेव्हा ब्रिटिश संसदेत बसता येत नसे. १८२८ मध्ये आयर्लंडमधून डॅनियल ओकॉनेल निवडून आले आणि हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. पॅट्रिक ब्राँटे स्वतः आयर्लंडचे, अँग्लिकन आणि टोरी मताचे. तरीही सावधपणे का होईना, कॅथलिकांना सवलत द्यावी, अशी पत्रे त्यांनी लीड्सच्या वृत्तपत्रास लिहिली. पील यांचे भाषण छापलेला जादा अंक घरी आला तेव्हा बाबांनी अधीरतेने वेष्टन फाडले, सारे त्यांच्याभोवती गोळा झाले आणि एकेक कलम वाचले जात असता श्वास रोखून ऐकत राहिले, असे शार्लट लिहिते. १३ एप्रिल १८२९ रोजी कायदा झाला. एका प्रॉटेस्टंट पाळकाच्या घरात आपल्या लोकांच्या हक्काची बातमी मुलांनी अशा उत्कंठेने ऐकावी, याचे आम्हांस अप्रूप वाटते. पुढे याच शार्लटने 'व्हिलेट' कादंबरीत कॅथलिक पंथाविषयी बोचरे लिहिले, हेही सांगितले पाहिजे.

वडील उदार होते, पण सर्वदा नव्हे. आई अथवा मावशीची म्हणून काही जुनी 'लेडीज मॅगझिन्स' घरात होती. जहाज फुटून ती समुद्रात भिजली होती, खाऱ्या पाण्याचे डाग त्यांवर होते. शार्लट ती चोरून, अभ्यास चुकवून वाचत असे. त्यांत खुळचट प्रेमकथा आहेत म्हणून एके दिवशी वडिलांनी ती जाळून टाकली. १८४० मध्ये एका पत्रात हे सांगताना तिने त्या दिवसाला काळा दिवस म्हटले आहे. हेच वडील मुलींना बायरनचे काव्य वाचू देत होते! बायरनला घरात थारा आणि बाईच्या मासिकाला आग, हा न्याय आमच्या तरी ध्यानी येत नाही. शिवाय आईवेगळ्या मुलीच्या दृष्टीने त्या पानांचे मोल कथांपुरते नव्हते.

१८३४ च्या जुलैत अठरा वर्षांच्या शार्लटने मैत्रिणीला वाचनाची यादी पाठविली. मिल्टन, शेक्सपिअर, पोप, बायरन, वर्ड्‌स्वर्थ. कादंबऱ्या वाचायच्या तर एकट्या स्कॉटच्या, त्यानंतरच्या साऱ्या टाकाऊ! निसर्गज्ञानासाठी बेविक आणि ऑड्युबॉन. एक 'विश्वइतिहास' जमल्यास वाच, मी मात्र वाचलेला नाही, असेही ती मोकळेपणी सांगते.

बेविकचा ग्रंथ तिला आयुष्यभर पुरला. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जेन एअर'ची सुरुवात नोव्हेंबरच्या एका गारठलेल्या दिवशी होते. पोरकी जेन खिडकीत लाल पडद्याआड बसून बेविकची चित्रे पाहत असते. घरचा मुलगा तिला शोधून काढतो, आमची पुस्तके घेण्याचा तुला हक्क नाही असे बजावतो, आणि तेच पुस्तक तिच्या अंगावर फेकतो.